इंजिनाची मासळी

धाकटी डहाणू
१८ ऑगस्ट १९६१

विठाबाय,

पत्रास कारण काय, ते खाडीत उभं आहे. नवी होडी आली. तिचं इंजिन सुरू केलं की नरपडपर्यंतची कुत्री भुंकतात. तुझ्या त्या पाड्यावर आवाज पोचत नसेल म्हणून लिहितो.

अहिल्याबाई, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार. तलासरीच्या शाळेत तुमची नेमणूक झाली हे माझं नशीब, नाहीतर माझ्या बहिणीला पत्र लिहून उपयोग काय होता? डहाणू स्टेशनवर तुमच्या वडिलांकडून मी चिठ्ठ्या पाठवून पुष्कळ पुस्तकं वाचायला नेली आहेत, तेव्हा माझं अक्षर तुमच्या घरात ओळखीचं आहे. विनंती एकच. जिथे मी रागावलो आहे तिथे रागावूनच वाचा. तुमच्या गोड आवाजात वाचलंत तर बायला वाटेल, भाऊ नमला.

बाय, तू चैत्रात सुक्या बोंबलांची पाटी घेऊन तलासरीला गेलीस ती जिवलीच्या घरीच राहिलीस. गाव मला विचारतं. मी सांगतो, मैत्रिणीकडे गेली आहे, हवापालट. लोक तोंडावर हो म्हणतात.

सभेतलं तुझ्या मनात आहे हे मला कळतं. मी मच्छीमार सोसायटीच्या सभेत तासभर इंजिनावर बोललो, आणि मागे बायकांत बसलेली तू उठून विचारलंस, "इंजिनाची मासळी कोणाच्या पाटीत पडणार?" मी म्हणालो, "आधी पडू तर दे, मग पाटी मोठी कर." सभा हसली. सभेत माणूस असं बोलतो, बाय. हशा मिळाला की गाडी पुढे जाते. ते तुला उद्देशून नव्हतं.

आणि इंजिनाबद्दल मी एक शब्द मागे घेणार नाही. आपल्या आईला सहा झाली, त्यांतले उरलो आपण दोघं. बाकीच्यांना हिवतापाने नेलं. मग सरकारची माणसं आली, घराघरांत औषध फवारून गेली, आणि आज भिकूची सहाच्या सहा पोरं अंगणात मारामाऱ्या करतात. माणसाने रोगाला हरवलं याचा मला अभिमान आहे. पण ही जगलेली पोरं खाणार काय? दर्या तेवढाच, शिडं तेवढीच, वारा त्याच्या मर्जीचा. शिडाची होडी त्या वेळच्या गावाला पुरत होती, कारण अर्धं गाव लहानपणीच मरत होतं. हे कोणी तोंडाने बोलत नाही. मी बोलतो.

आता कामाचं. नारळी पुनव आठवड्यावर आली. नव्या होडीची पहिली पाटी घरच्या थोरल्या लेकीच्या डोक्यावर, आणि ती विकून परत आल्याशिवाय होडी दुसऱ्यांदा बाहेर काढायची नाही, ही आपल्याकडची रीत. माझा विश्वास नाही. पण भिकू तांडेल म्हणतो, "बाय नसेल तर मी सुकाणूला हात लावणार नाय." चुलतभाऊ असला तरी तांडेल तो आहे. त्याच्यासाठी ये. वाटल्यास माझ्याशी बोलू नकोस.

मोतीराम


धाकटी डहाणू
२ सप्टेंबर १९६१

विठाबाय,

तुझं उत्तर मिळालं. अक्षर अहिल्याबाईंचं, टोचणी तुझी. "पाटी घ्यायला येते. पण एक पाटी माझी आणि बाकीची मासळी कोणाची, ते आधी लिही. सभेत बोलतोस तसं नको."

पुनव झाली, नारळ वाहिला, सगळ्या होड्या गेल्या. माझी तेवढी काठावर आहे. पोरं तिच्यावर चढून इंजिनाला हात लावून येतात.

लिहितो. इंजिनाची होडी लांब जाणार आणि एका खेपेला इतकी मासळी आणणार, की गावातल्या साऱ्या बायकांनी डोक्यावरून नेली तरी निम्मी उन्हात सडेल. तिला बर्फ पाहिजे. बर्फ मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे आहे. तो बर्फ देतो, लाकडी पेट्या देतो, स्टेशनपर्यंत ट्रक देतो. मुंबईत माणसं वाढताहेत, गिरण्यांच्या, गोद्यांच्या भोवती रोज नवी वस्ती बसते आहे, त्या सगळ्यांना खायला लागतं. आपल्या पापलेटाला तिथे मागणी आहे हे देशाच्या प्रगतीचंच लक्षण आहे. त्या सोयीच्या बदल्यात

त्या सोयीच्या बदल्यात मासळी त्याची. सगळी. झालं, लिहिलं.

आता माझं ऐक. मी यंत्रांचा इतिहास वाचला आहे. सातासमुद्रापलीकडे यंत्रमाग आले तेव्हा विणकरांनी ते फोडले. राग खरा होता त्यांचा, पण माग थांबले नाहीत. जिथे लोकांनी यंत्र आधी हातात घेतलं तिथे लोक मालक झाले, जिथे नाक मुरडलं तिथे मजूर झाले. मला आपला गाव मालक झालेला पाहायचा आहे.

आणि तुम्ही बायका. पहाटे पाटी भरायची, डहाणूच्या बाजारात भांडायचं, नाहीतर तलासरीपर्यंत तंगडतोड करायची. मानेचा मणका झिजेपर्यंत ओझं वाहायचं. याला कोणी स्वातंत्र्य म्हणत असेल तर मी म्हणणार नाही. तुम्ही सावलीत बसावं असं मला वाटतं. यात माझा काय गुन्हा झाला ते अहिल्याबाईंना विचारून कळव.

पहिली पाटी तुझी, हा माझा शब्द. तेवढ्यासाठी ये.

मोतीराम


धाकटी डहाणू
२१ सप्टेंबर १९६१

विठाबाय,

तू आलीस, होडी गेली, भरून आली. मी स्वतः पाटी भरून तुझ्या डोक्यावर ठेवली. तू चुंबळ सावरलीस. व्यापाऱ्याच्या पेट्या ओलांडून, घर ओलांडून सरळ तलासरीच्या वाटेला लागलीस. मला वाटलं, चार हात लांब विकून येईल. रीतच आहे, विकून यायचं.

तू आली नाहीस.

मागून काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. तू वळलीस आणि गावातल्या बायका आपापल्या पाट्या घेऊन होडीशी आल्या. पहिली पाटी निघाली की बाकीच्यांनी भरायच्या, असंच त्यांना ठाऊक. व्यापाऱ्याचा माणूस पेट्यांवर जाऊन बसला. मी होडीवर उभा राहिलो आणि बोललो. करार म्हणजे काय, बर्फ म्हणजे काय, उद्याचं गाव कसं असेल. चांगलं बोललो मी. भिकूच्या बायकोने, सोनूवहिनीने, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावजी, भाषण बर्फात ठेवा. दोन दिवस टिकेल." सगळ्या हसल्या. मग पाट्या रिकाम्याच काखोटीला मारून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता होडी बांधून पडली आहे. भिकू वाळूत बसून विडी ओढतो.

"बाय आली नाय."

"अरे, पाटी विकली गेली त्याच दिवशी. मी माणूस पाठवून विचारलं."

"विकली असं तिनं सांगाया पाहिजे. तुझा माणूस सांगून काय उपयोग?"

आणि त्या माणसाजवळ तू काय निरोप दिलास? "सांग त्याला, अजून विकतेच आहे." बाजारातल्या बायका हसल्या म्हणे. हशा कसा मिळवायचा हे तुलाही येतं तर.

बाय, हा अडवणुकीचा प्रकार आहे. एका रिकाम्या पाटीने तू इंजिन थांबवून ठेवलंस. रीत जुनी आहे, पण तिचा हा वापर आपल्या आजीनेही केला नसता. व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो, वलसाडकडचे खलाशी आणतो, पगारावर. त्यांना ना तुझी रीत माहीत, ना तू. मी त्याला आणखी दोन दिवस थांब म्हणालो आहे. परवा सकाळी होडी बाहेर पडेल, तू आलीस तर तुला पाहून, नाही आलीस तर तुला न पाहता.

मोतीराम


धाकटी डहाणू
१२ जून १९६२

विठाबाय,

नऊ महिने मी लिहिलं नाही. तूही नाही.

होडी गेली ती जातेच आहे. वलसाडकडचे खलाशी आले, कष्टाळू आहेत, आपसांत गुजराती बोलतात आणि हिशेबाला मराठी. त्यांच्या झोपड्या कुठे घालायच्या हा प्रश्न आला तेव्हा बोंबील वाळवायच्या वलांडी रिकाम्याच होत्या. बांबू उपटले, जागा सपाट केली. कोणी हरकत घेतली नाही. माझ्यामागे गावात आणखी चार इंजिनं आली. शिडाच्या होड्या उलट्या करून ठेवल्या आहेत, त्यांखाली कोंबड्या बसतात.

भिकू दिवाळीला कामावर आला. पगारावर. पूर्वी त्याला मासळीत वाटा होता, आणि तो वाटा सोनूवहिनीच्या पाटीत जायचा. पगाराला पाटी लागत नाही. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. ध्यानात आलं होतं, मी त्याला प्रगती म्हणालो होतो.

सोनूवहिनी आता व्यापाऱ्याच्या शेडमध्ये कोळंबी सोलते. गावातल्या बहुतेक बायका तिथेच. पत्र्याखाली बसून सकाळपासून बर्फाच्या पाण्यात हात. बोटांची सालं निघतात. परवा मी तिकडून जात होतो तर तिने हात वर करून दाखवले. "सावलीत बसवलंत, भावजी. तुमचे उपकार." बाकीच्या हसल्या नाहीत. मुकादम बघत होता.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुझ्या जिवलीचा नवरा हाल्या इथे बर्फ फोडायला होता, हे तुला माहीत असेलच. तिकडच्या पाड्यांवरची पुष्कळ माणसं आता येतात. गवत कापायच्या कामापेक्षा बर्फाचं काम बरं म्हणतात. आभाळ भरून आलं तसा तो घरी निघाला. निघताना माझ्या दारात आला, उभाच राहिला.

म्हणाला, "पावसाळ्याला जरा सुकं दे. विठाबायचं घर म्हणून आलो."

मी हसून म्हटलं, त्यात काय. आत गेलो तर घरात नाही. भिकूकडे गेलो. सोनूवहिनीने डबा उघडून दाखवला, चार बोंबील होते, तेही डहाणूच्या वाण्याकडून आणलेले. त्याच्याकडे पोत्यातून येतात, कुठल्या तरी लांबच्या बंदरावरून. मग मी हट्टाला पेटलो. घरोघर विचारत फिरलो, हाल्या माझ्या मागे. धाकट्या डहाणूत, बाय, जिथे ज्येष्ठात सुक्या मासळीच्या वासाने नवख्या माणसाला मळमळायचं, तिथे एका वारल्याला पावसाळ्यापुरतं सुकट मिळालं नाही.

हाल्या म्हणाला, "दर्यावरची माणसं तुम्ही. आन् सुकं नाय?" त्याला खरंच गंमत वाटत होती. मी पैसे काढले तर म्हणाला, "ते हायेत. पैसे शिजवून खाऊ का?"

पाड्यांवर पावसाळ्यात भाताबरोबर काय खायचं, हे आजपर्यंत तुझ्यासारख्या बायकांच्या डोक्यावरून जात होतं. आता मासळी मुंबईला जाते आणि तिथला माणूस इथे येऊन तिच्यावरचा बर्फ फोडतो. मी दहा वर्षं समाजावर भाषणं करतो आहे आणि हा रस्ता मला दिसला नाही, कारण त्यावरून फक्त बायका चालत होत्या.

तू उंबरगावच्या शिडाच्या होड्यांवरून माल आणून विकतेस असं हाल्याने सांगितलं. म्हणजे दुसऱ्या राज्यातून. हद्द पडली तेव्हा मी तलासरीसाठी मोर्च्यात घसा फोडला होता. तलासरी आपल्याकडे राहिली आणि तिची सुकट गुजरातेतून येते. हस तू. मला हसायला येत नाही.

मी इंजिनाची बाजू सोडलेली नाही. हेही वाचून दाखवा, अहिल्याबाई.

मोतीराम


धाकटी डहाणू
८ ऑक्टोबर १९६२

विठाबाय,

काल सोसायटीची सभा झाली. मी ठराव मांडला. आलेल्या मासळीतला तिसरा हिस्सा आधी किनाऱ्यावर गावच्या बायकांना, उरलेली व्यापाऱ्याच्या पेट्यांत. इंजिन राहील, बर्फ राहील, पाटीही राहील.

मी आयुष्यात इतका चांगला बोललो नव्हतो. टाळ्या पडल्या. मतं पडली नाहीत.

सभासद सगळे पुरुष, कारण होड्या पुरुषांच्या नावावर. व्यापारी बर्फ बंद करील ही भीती. भिकूला होडी नाही, पण आजोबांचा सोसायटीतला जुना भाग त्याच्या नावावर आहे, त्याने माझ्याकडे पाहत हात विरोधात वर केला. मी बाहेर आलो तेव्हा सोनूवहिनी दाराशी उभी होती. मला वाटलं, ही तरी नवऱ्यावर चिडली असेल.

"मी असते तरी तुमच्या बाजूनं हात वर केला नसता, भावजी."

"का?"

"पाटी उचलली तर शेडमधली माझी जागा दुसरी घेईल. बाहेर उभ्याच असतात, आता पाड्यावरच्या पण. विठाबायचं ठीक आहे. तिला पोटचं कोण नाय. मला सहा आहेत."

तीच सहा पोरं, बाय. इंजिनासाठी मी त्यांचाच दाखला दिला होता. आता ती माझ्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली, आणि दोन्ही वेळा खरंच बोलली.

माझ्यापुरतं मी ठरवलं. व्यापाऱ्याला कळवलं, माझ्या होडीची मासळी यापुढे त्याची नाही. त्याने बर्फ तोडला आणि खलाशी दुसऱ्या होडीवर नेले. भिकूही गेला, मी त्याला अडवलं नाही. हाल्या मात्र परत आला आहे. त्याला दर्या लागतो, ओकाऱ्या काढतो, तरी येतो. बर्फाशिवाय लांब जाता येत नाही, तेव्हा आम्ही दोघं जवळच जाऊन येतो.

होडी तुझ्या नावावर करतो. मग तू सभासद होशील, पुढच्या सभेत पुढे बसशील, आणि कोणाच्या पाटीत, हा तेव्हाचा प्रश्न पुन्हा विचारशील. या वेळी कोण हसतो बघू. परत ये. हे मी मागतो आहे, बजावत नाही.

मोतीराम


धाकटी डहाणू
२५ जानेवारी १९६३

विठाबाय,

तुझं उत्तर आलं होतं, "नाव नको. माल आण, वाळवून." म्हणून मी माल आणला. त्यानंतर बाजारात जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहितो, कारण तिथे मला तुझ्याशी बोलता आलं नाही.

वाळवायला बायका नव्हत्या, त्या शेडमध्ये. वलांडींच्या जागी झोपड्या. मी आणि हाल्याने जुनी जाळी वाळूत पसरून बोंबील टाकले. वारा सुटला, आम्ही दोघं त्यांच्यामागे धावलो. जाणारेयेणारे बघत होते, पुढारी मासे वाळवत बसलाय. पुरुषाने हे काम करायचं नसतं असं कोणी म्हणालं नाही. नुसते थांबून बघायचे.

तू तलासरीच्या बाजारात तुझ्या रांगेत बसली होतीस. सव्वा वर्षाने तुला पाहिलं. केस पांढरे झाले आहेत, आणि आवाज मोठा. मी पाटी खाली ठेवली. तू माझ्याकडे न बघता मूठभर बोंबील उचललेस, बोटांत फिरवलेस, एक जिवलीला दिलास. तिने चावला आणि थुंकली.

"रेती खाया आणली का?"

तू म्हणालीस, "माझ्या गिऱ्हाइकाला मी हे देणार नाही. तुझा माल, तूच वीक."

म्हणून मी पलीकडे झाडाखाली उभा राहिलो. बाय, मी मैदानांवर बोललो आहे, पोलीस समोर असताना बोललो आहे. तिथे समोर एक म्हातारी येऊन उभी राहिली, बोंबलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला एक शब्द सुचला नाही. ती गेली. दुसरी आली, तीही गेली. मग मला राहवेना. मी जे येतं ते केलं. आवाज चढवला आणि दर्या आणि डोंगर यांच्या जुन्या नात्यावर बोलायला लागलो. माणसं जमली, चांगली जमली. तूही वळून पाहिलंस. मी बोलायचं थांबलो तसा पुढचा एक म्हातारा वारली अदबीने म्हणाला, "साहेब, खूण कंची? गाय का बैल? मत कवा टाकायचं?"

कोणी बोंबील घेतला नाही. जिवली पोट धरून हसत होती. तू नाही हसलीस. तुझ्यासमोर बायका होत्या, तुझे हात चालूच होते, कोणाच्या पोराचं नाव घेत होतीस, कोणाच्या सासूची चौकशी करत होतीस, एकीला शिवी दिलीस आणि तिने दोन मुठी जास्त घेतल्या.

संध्याकाळी बाजार उठला. तू पाटी आवरून माझ्या जवळून गेलीस आणि न थांबता म्हणालीस, "पुढल्या बाजाराला रेती नको."

मी ते वाक्य घरी येईपर्यंत उलटसुलट करून पाहत होतो. त्याचा अर्थ, मी यायचं आहे, असाच होतो ना? तू परत येणार नाहीस हे मला कळलं. मी त्याबद्दल आता वाद घालणार नाही. गावातही काही बदललेलं नाही. काल आणखी एक इंजिन आलं, मोठं आहे, शेडमध्ये नव्या बायका घेताहेत. मी माझ्या होडीपुरता एकटा आहे, आणि त्या होडीची मासळी कोणाच्या तरी हातून विकली जायला पाहिजे.

बांबू आणले आहेत. चार वलांडी परसात उभ्या केल्या, तेव्हा रेती नसेल. मीठ किती घालायचं ते सोनूवहिनीने कुंपणापलीकडून सांगितलं, मुकादमाला कळू न देता.

एवढंच कळत नाही, आणि ते पुस्तकांत कुठे मिळालं नाही. अहिल्याबाई, हिचं उत्तर ही जसं सांगेल तसंच लिहा, शुद्ध करू नका.

गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं, बाय, की आधी काय म्हणायचं?

मोतीराम